घासणारं दार

खिडकीच्या बिजागऱ्या बदलायला आलेला सुतार एकेकाळी सरांच्याच विज्ञानाच्या वर्गात होता. काम आटोपून तो निघाला, तर पुढचं दार त्याला काही केल्या उघडेना. खालची कड फरशीला घासत होती.

"काय हे सर! घर्षण कमी करायचे उपाय आमच्याकडून घोकून घेतलेत आणि तुमच्याच दाराची ही गत? दार उतरवतो, खालून रंधा मारतो. दहा मिनिटांचं काम."

"नको."

"अहो, रोज एवढा जोर लावायचा? या वयात कंबर धरेल!"

"धरू दे. तो रंधा पिशवीत ठेव आधी."

"बरं, कारण तरी सांगा. कारण लिहिल्याशिवाय तुम्ही कुणाला अर्धा मार्क दिला नाहीत."

सरांनी कडीवर हात ठेवला.

"धाकटी माझ्याशी भांडून गेली, त्याला सात वर्षं झाली. कधी आलीच, तर जुन्या सवयीनं खांदा लावून दार ढकलेल. ते अलगद उघडलं, तर तोंडावर आपटेल रे पोरगी."