मधला थर

खड्ड्याच्या भिंतीत बोटभर जाडीचा करडा थर दिसला आणि डॉ. सुनेत्रा खानोलकर गुडघ्यांवर बसल्या. वर बारा वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची काळी राख होती, खाली दोनशे वर्षांपूर्वीची तांबूस. मधल्या काळात अंदमानच्या समुद्रातला हा ज्वालामुखी गाढ झोपला होता, असं त्यांनीच प्रबंधात सिद्ध केलं होतं.

"लाटांनी आणलेली वाळू असेल, मॅडम," त्यांची विद्यार्थिनी हळूच म्हणाली. "प्रबंधावरचं आपलं पुस्तक छापायला गेलंय."

सुनेत्राताईंनी चिमूटभर कण भिंगाखाली धरले. काचेसारख्या धारदार कडा चमकल्या. समुद्रानं घासलेली वाळू अशी नसते. "राखच आहे," त्या म्हणाल्या. त्यांची नजर थरावरून हटेना. "कधीची असेल?"

होडीवाले सॉ थॉमस वरून वाकून बघत होते. "महायुद्धात जपानी आले होते तेव्हाची असेल. आमच्या गावात तीन दिवस राख पडत होती. आई सांगते."

"मग कुणी नोंद कशी केली नाही?"

"बॉम्ब पडत होते, मॅडम. डोंगराकडे कोण बघणार? आणि नंतर डोंगर तपासायला आलेल्या साहेबांनी आम्हाला कधी विचारलंच नाही."

सुनेत्राताईंनी थराचा नमुना पिशवीत भरला. "प्रकाशकांना कळव, छपाई थांबवा म्हणावं," त्यांनी विद्यार्थिनीला सांगितलं आणि त्या खड्ड्यातून वर आल्या.

"तुमच्या आई आहेत अजून?" त्यांनी थॉमसना विचारलं.

"आहेत. नव्वदीच्या. पण ऐकू कमी येतं."

"चालेल," सुनेत्राताई म्हणाल्या. "मी मोठ्यानं बोलेन."