बारीक टाका

ऋत्विकनं पाठीवरची भलीमोठी पिशवी ओट्यावर उतरवली, तसे सिंधूताईचे हात मशीनवरच थांबले. पिशवीत काय आहे, ते तिला सांगावं लागलं नाही.

"काकू, मी प्रसेनजितचा मित्र. गोव्याला आम्ही दोघं एकत्र शिकवायचो," तो म्हणाला. "पतंग इतके दिवस पोलिसांकडे होता. म्हटलं, आपणच घरी पोचवावा."

समुद्रावर फळीवर उभं राहायचं आणि आभाळातल्या पतंगानं ओढत न्यायचं, असा तो खेळ. सहा महिन्यांपूर्वी ऐन वाऱ्यात पतंग खाली कोसळला. प्रसेनजित किनाऱ्याला लागला तो तिसऱ्या दिवशी.

तिचा नवरा दयाराम आतून बाहेर आला. त्यानं पिशवी उघडली आणि पतंग पसरायला घेतला. जानेफळच्या त्या अंगणात तो मावेना. एक टोक दारात, एक नळाच्या ओट्यावर.

मागच्या थंडीत प्रसेनजितनं हाच पतंग फाटका घरी आणला होता. दुरुस्त करणारा तीन आठवडे थांब म्हणत होता आणि नवी माणसं शिकायला चार दिवसांत येणार होती.

"ज्याचं काम त्यालेच करू द्यावं," दयाराम तेव्हा म्हणाला होता. मेहकरच्या आगारात तीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस तो.

"मी का मेली काय?" सिंधूताई म्हणाली होती. "अर्ध्या गावाचे कपडे शिवते मी. लेकराचा एक पतंग नाही शिवत?"

लेक गेल्यावर दयाराम आपलं ते वाक्य पुन्हा बोलला नाही. तसा तो तिच्याशी फारसं काहीच बोलला नाही.

ऋत्विकनं कापडाचा एक भाग वर धरला. "काकू, ही तुमची शिलाई. बघा, एक टाकासुद्धा उसवलेला नाही."

दयाराम गुडघ्यावर बसला. शिलाईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं अंगठा फिरवला. मग उलटा फिरवला.

"अवं, पाह्य! धागा जसाच्या तसा हाय. तुह्या हातानं नाही झालं हे. अन् मी उगाच... सहा महिने मी उगाच..."

ओट्याचा खांब धरून तो रडला. स्मशानातही तो असा रडला नव्हता.

सिंधूताई खाली बसली. धागा टिकला होता, खरंच. कापड फाटलं होतं ते धाग्याच्या अगदी कडेनं. सुईच्या एका भोकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पट्टीतून तिकीट फाडावं तसं सरळ. पातळ कापडाला टाका लांब ठेवावा, हे ती शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगायची. पण त्या दिवशी लेकाचा जीव त्या कापडाला टांगलेला होता. म्हणून तिनं टाका होईल तितका बारीक केला. वरून दुसरी शिलाई मारली. मन मानेना, म्हणून तिसरी.

तिनं मान वर केली. ऋत्विक दुसरीकडे पाहत होता.

"हाव," ती दयारामला म्हणाली. "टाका टिकला."

मग ती पाणी आणायला उठली. ऋत्विकच्या हातात तांब्या देताना हळूच म्हणाली, "त्याह्यले एवढंच ठाऊक राहू दे, बाबू."

त्यानं मान हलवली. तांब्या तसाच ओट्यावर ठेवला.

अंगणात दयारामनं शेजारच्या मोतीरामला हाक मारून बोलावलं होतं. "पाहा मोतीरामभाऊ, घरच्या मशीनची शिलाई हाय. समुद्रानं बाकी सारं फाडलं, पण इथं त्याचं काही चाललं नाही."

तेवढ्यात वारा आला. पतंग फुगला, जमिनीवरून वर उठू लागला. दयारामनं घाईनं त्यावर दोन्ही हात दाबले.

"अवं, तू बी धर ना तिकडून!"

सिंधूताई वाकली. जिथं कापड फाटलं होतं, तिथंच तिनं तळहात ठेवला आणि वारा पडेपर्यंत तो उचलला नाही.