'काहून'चं 'कानून'

"बाबा, नीचे अक्षर दिख रहे हैं क्या?" क्षमानं व्हिडिओ कॉलवर बोट खाली दाखवत तिसऱ्यांदा विचारलं.

तिकडे वर्ध्याला रत्नाकरांनी चष्मा पुसला. फोन जवळ आणला, लांब धरला. "खाली काहीच येऊन नाही राहिलं," ते त्यांच्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले.

म्हणजे सोय परत आली नव्हतीच. बुधवारी अ‍ॅप अपडेट झालं आणि बोललेलं अक्षरांत उमटवणारी ती पट्टी गायब झाली. क्षमानं त्याच दिवशी तक्रार लिहिली. उत्तर आलं, 'अ‍ॅप वापरणं आणखी सोपं व्हावं म्हणून ही सोय काढली आहे.' कोणाला सोपं, ते लिहिलं नव्हतं.

इंजिन शेडमधल्या तीस वर्षांनी रत्नाकरांचे कान नेले होते. दोन वर्षांपूर्वी आई गेली, क्षमा नव्या रायपुरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा तिनंच ती पट्टी त्यांच्या फोनवर चालू करून दिली. पट्टीला मराठी कळत नसे. वऱ्हाडी 'काहून', म्हणजे 'का', म्हटलं की खाली 'कानून' उमटे. म्हणून दर रविवारी क्षमा वडिलांशी हिंदीतच बोले, एकेक शब्द सुटा करून. दिवसभर हिंदीच कानावर असे, तिला जड गेलं नाही.

टाइप करता आलं असतं. पण लिहिलेल्या कशालाही बाबांचं उत्तर एकच, 'ठीक'. आज त्यानं भागणार नव्हतं. रायपूरच्या पंडरी भागात घरमालक भैय्यालालच्या दोन खोल्या भाड्यानं मिळत होत्या आणि तो उद्यापर्यंतच थांबणार होता. बाबांनी कायमचं रायपूरला यावं, एवढंच विचारायचं होतं. दोन वर्षं ते "पाहू" म्हणत आले होते. या खेपेला तिला त्यांच्या चेहऱ्यावरचं उत्तर हवं होतं.

"बाबा, यहाँ आ जाओ. मेरे पास." ती जवळजवळ ओरडलीच.

रत्नाकर सवयीनं पडद्याच्या तळाशी पाहत राहिले. वाट बघत.

क्षमाचा धीर सुटला. फोनकडे पाहतच ती पुटपुटली, "मेल्यांनो, काहून काढलं रे! तुमच्या बापाचं काय खाऊन राहिलं होतं ते?"

रत्नाकर खो खो हसले. "कोणाचा बाप काढून राहिली, पोट्टे?"

क्षमा थबकली. मग तिनं आपला माइक बंद केला आणि ती हळूच म्हणाली, "बाबा, जेवले का?"

"कवाचाच. वांगे केले होते."

"तुमाले ऐकू येते?"

"ऐकू कुठचं? दिसते. शेडमंदी कोण कोणाचं ऐके? समदे तोंडंच पाहत."

"मंग दोन वर्सं ते अक्षरं काहून वाचत बसले?"

रत्नाकरांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला.

"हिंदी मले ओठावर नाही समजत, पोरी. वाटलं, तू तिकडचीच झाली. मंग रायपूरले येऊन मी कोणाच्या तोंडाकडं पाहू, सांग?"