तेरावा शिक्का

१९१२ साल. कॅलिफोर्नियात अध्यक्ष निवडायचा तर मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवाराच्या तेरा प्रतिनिधींची यादी असे; त्यांतल्या कुठल्याही तेरा नावांपुढे एकेक शिक्का मारायचा. विल्सनच्या यादीत शेवटचं नाव होतं कोंबड्या पाळणाऱ्या ऑरिनचं. बायकांना नुकताच मताचा हक्क मिळाला होता आणि त्याची बायको लविनिया विल्सनविरुद्ध उभ्या असलेल्या रूझवेल्टसाठी दारोदार हिंडत होती.

"एक शिक्का तरी नवऱ्याला?" मतदानाच्या सकाळी ऑरिननं विचारलं.

"तुला? त्यापेक्षा तुझ्या कोंबड्याला देईन!"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारावर गावाचा निकाल लागला. विल्सनच्या तेराही जणांना एकोणीस-एकोणीस मतं. रूझवेल्टच्या बारा जणांना तीस-तीस, तेराव्याला मात्र एकोणतीस.

"कुणीतरी वेंधळी एक शिक्का मारायला विसरली!" लविनिया करवादली. "आणि तू रे? गावचा माणूस असून बाकीच्यांपेक्षा एकही मत जास्त नाही!"

ऑरिननं भर रस्त्यात तिचा हात धरला.

"सोड, लोक बघतायत!"

त्यानं सोडला नाही. स्वतःच्याच नावापुढे शिक्का मारायची लाज वाटली म्हणून काल त्यानं बाराच शिक्के मारले होते. खरं तर त्याला अठराच मतं पडायला हवी होती.