लाल बाण

काटा नऊ किलो दोनशेवर थांबला. काढून ठेवलेले बूट लेकीला, मुंगीला पुन्हा घालावेत आणि पुन्हा वजन करावं, असं आईला क्षणभर वाटलं.

डॉक्टरबाईंनी मागच्या महिन्याचा आकडा पाहिला. "तीनशे ग्रॅम कमी. अडीच वर्षांच्या पोरीचं वजन चढायला हवं, हिचं उतरतंय. पंधरा दिवसांनी आणा. तेव्हाही उतरलेलं असलं तर दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल."

आईने पुन्हा एकदा काट्याकडे पाहिलं. मुंगी मात्र जमिनीवर बसून बाहुलीचा फ्रॉक सारखा करत होती. तिच्या कोपरांच्या खळग्यांत आणि गुडघ्यांच्या मागे इसबाचे लाल, खरखरीत चट्टे होते.

"खाते काय काय?"

आईने वही पुढे केली. काय खाल्लं, किती वाजता, अंगावर कुठे लाल उठलं, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. ज्याच्यापुढे लाल, ते बंद. दूध बंद, पाव बंद, केळं बंद, वाटाणे बंद. असे अकरा पदार्थ गेले होते. उरलेल्यांना मुंगीने स्वतःहून रजा दिली होती.

"यातलं मी काय बंद करायला सांगितलं होतं?"

"अंडं," आई हळूच म्हणाली. "चाचणीत तेवढंच आलं होतं."

"आणि मलम?"

आईने पिशवीतून ट्यूब काढली. तीन महिन्यांपूर्वीची, अजून गुबगुबीत.

"अहो, ही केव्हाच संपायला हवी होती!"

"त्याने कातडी पातळ होते म्हणतात..."

"सांगितलं तेवढं लावलं तर काही होत नाही. खाज कातडीला सुटलीय आणि शिक्षा तुम्ही जिभेला देताय." डॉक्टरबाईंनी कागद ओढला. "अंडं बंदच ठेवा. बाकीचं मी लिहिते त्या क्रमाने सुरू करायचं. आज भाजलेला पाव. आंघोळीनंतर साधं क्रीम भरपूर, चट्ट्यांवर मलम. आणि ती खात असताना तुम्ही जरा निवांत बसा."

निवांत! आई कापड गिरणीत तपासनीस होती. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि ती डोळ्यांत तेल घालून बघायची. कुठे धागा तुटला, कुठे डाग दिसला, की तिथे लाल बाणाचा स्टिकर, टोक दोषाकडे. पंधरा वर्षांत तिच्या हातून एक डाग निसटला नव्हता. उरलेल्या स्टिकरांची पट्टी तिच्या पर्समध्ये कायम असायची आणि ती उचकून काढणं हा मुंगीचा आवडता उद्योग होता. अशा बाईला निवांत बसा म्हणून सांगणं सोपं होतं.

दुपारी बाबाने पाव खरपूस भाजला आणि त्याच्या लांब काड्या कापल्या. आई शेजारी बसली. आज बघायचं नाही, तिने मनाशी ठरवलं.

मुंगीने एक काडी उचलली, ओठांना लावली. आईचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने फ्रॉकची कड वर केली. पोट स्वच्छ होतं. पण काडी ताटलीत परत गेली आणि तोंडाला कुलूप लागलं.

"खा ना गं, राणी. मी कुठे बघतेय?"

बघत तर होतीच. बाबाने विमान उडवलं, आगगाडी चालवली, बोटही आणली. मुंगीने कुठल्याच गाडीला दार उघडलं नाही. पंधरा दिवस, नळी, पंधरा दिवस, नळी, एवढंच आईच्या डोक्यात फिरत होतं.

मग मुंगीने बाहुलीला समोर बसवलं. पावाचा तुकडा मोडला आणि बाहुलीच्या तोंडाशी नेला. लगेच तिचा फ्रॉक वर केला. पोट पाहिलं. हात उलटा करून कोपर पाहिलं. मान वळवून कानामागे पाहिलं. मुंगीच्या इवल्याशा कपाळावर दोन आठ्या पडल्या.

"बंद," असं म्हणून तिने तुकडा काढून घेतला.

बाबाला हसू फुटलं. आईला घाम फुटला.

"मी अशी करते?"

बाबाचं हसू विरलं. "दर घासाला," तो म्हणाला.

आईला लाज वाटत होती आणि भीती तर त्याहून जास्त. न बघता बसायचं आणि नेमकं काही निसटलं तर? तेवढ्यात मुंगीने पर्समधली पट्टी ओढून काढली. आता बाहुलीचं काही खरं नाही, असं बाबाला वाटलं. पण मुंगी आईच्या मांडीवर चढली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने तो इकडून तिकडे नीट तपासला आणि गालावर एक स्टिकर अंगठ्याने दाबून बसवला.

आईने स्टीलच्या ताटलीत पाहिलं. बाणाचं टोक वर होतं, सरळ तिच्या डोळ्याकडे.

पोरीने समजून लावला की चुकून, कोण जाणे. आईने डोळे मिटले. हात फ्रॉककडे जायला शिवशिवत होते, म्हणून ते तिने स्वतःच्या मांडीखाली दाबून धरले. खोलीत काहीच हलेना. तिचा जीव टांगणीला लागला, तरी तिने पापणी उचलली नाही.

मग अगदी जवळून, तिच्या छातीपाशी, कुर्रम असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा, कुर्रम.