नंबर नसलेला नमुना

माणसाची पारख त्याच्या कपाटांवरून होते आणि कपाटांची पारख त्यांच्या पॉलिशवरून, असं तपासनिसांनी जाहीर केलं, आणि ते ज्या खोक्यावर उभे होते ते खचलं. खोक्यात पातेल्यांची झाकणं होती. ती बराच वेळ वाजत राहिली.

गॅसपाशी दूध तापवणाऱ्या त्यांच्या बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही. दाराशी तिची बॅग भरून तयार होती. बाराच्या बसने ती मुलीकडे निघणार होती. एक तरी कपाट भिंतीवर लागलं की कळवा, मग परत यायचं बघू, असं तिने सोमवारीच सांगितलं होतं. शांतपणे सांगितलं होतं, म्हणूनच तपासनिसांची आठवडाभर झोप उडाली होती.

स्वयंपाकघराची सात कपाटं त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. कोन असे काटेकोर की घराच्या भिंतीच वाकड्या दिसाव्यात. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून कपाटं हॉलमध्ये जुन्या चादरीखाली उभी होती, मीठ बुटांच्या खोक्यात होतं आणि चहाची गाळणी कुठे आहे हे रोज नव्याने शोधावं लागत होतं. अडलं होतं एवढंच, की कपाटांवर फवारायचं काय हे ठरत नव्हतं. तपासनिसांनी बत्तीस वर्षं कारखान्यात माल नापास करण्याचा पगार घेतला होता. सवय अशी सहजासहजी सुटत नाही.

रंगारी आज तिसऱ्यांदा फवाऱ्याचं यंत्र जिने चढवून घेऊन आला होता. त्याने विचारलं, काका, काय मारू?

तपासनीस बसले, उठले, खिडकीशी गेले, परत आले. ओट्यावर लाकडाचे बावीस तुकडे मांडलेले होते. प्रत्येकावर रंगाऱ्याकडून वेगळं काही मारून घेतलेलं, मागे नंबर आणि तारीख. मेलामाइनचं पॉलिश पिवळं पडलं होतं. लॅकरवर गरम कपाचं गोल वळं उठलं होतं. पीयूचा प्लास्टिकसारखा थर चिवट, पण एकदा ओरखडा गेला की तो जन्मभर दिसणार. पाण्यातलं पीयू मारल्यावर लाकडाचे तंतू उभे राहिले होते. सगळ्यांवर त्यांनी उकळता चहा ओतला होता, लिंबू पिळलं होतं, नख ओढलं होतं. बावीसच्या बावीस नापास.

“अकराला मला दुसरीकडे जायचंय,” रंगारी म्हणाला. “डोळे मिटून एकावर बोट ठेवा.”

तपासनिसांनी बोट उचललंही. तेवढ्यात बायकोने दुधाचं पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं, आणि पातेल्याखाली त्यांना तेविसावा तुकडा दिसला.

त्यांनी पातेलं बाजूला सरकवलं. तुकडा उन्हाकडे धरला. मधाच्या रंगाचा, आतून उजळलेला. चटक्याचा डाग नाही. नख ओढलं, ओरखडा नाही. पाण्याचा थेंब टाकला, तो मण्यासारखा उभा राहिला. मागे वळवून पाहिलं. नंबर नव्हता.

“हे पास,” तपासनीस म्हणाले. बत्तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून फारसा कोणी ऐकला नव्हता. त्यांचा आवाजही थोडा चिरकला.

रंगाऱ्याने तुकडा हातात घेतला, वास घेतला, अंगठा फिरवला. हे आपलं काम नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

“हा तुकडा कुठून आला?” तपासनिसांनी बायकोला विचारलं.

“तुमच्याच ढिगातला. कोरा होता, म्हणून पातेल्याखाली घेतला. रोज पुसते.”

“कशाने?”

“जवसाच्या तेलाने. तुमच्या गुडघ्यांना चोळायला आणलं होतं, पाच बाटल्या. तुम्ही हात लावेनात. वाया किती घालवायचं?”

रंगारी हॉलमध्ये गेला. त्याने कपाटांवरची चादर ओढली. सातही कपाटं मधाच्या रंगाने उजळून उभी होती. त्याने एका दारावर बोट ओढलं आणि बोटाकडे पाहिलं.

“काकू, यांनाही पुसता?”

“धूळ बसते ना. फडकं तेच. आज सकाळीच पुसलीत.”

मग रंगाऱ्याने यंत्राची नळी गुंडाळायला घेतली. तेलावर फवारा धरत नाही, फाटतो, असं त्याने सांगितलं. सगळं घासून पुन्हा कोरं लाकूड काढायचं तर महिना जाईल. आणि काढायचं कशासाठी, हे काकांनी त्याला समजावून सांगावं.

तपासनीस कपाटांकडे पाहत राहिले. “किती दिवस झाले याला?”

“चार महिने.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही नमुने बघत होतात,” बायको म्हणाली. “माल तुमच्या मागेच होता.”

तपासनिसांनी स्क्रू-ड्रायव्हर शोधला. रंगाऱ्याने जाता जाता एका बाजूने कपाट उचलून धरलं. पावणेअकराला पहिलं कपाट भिंतीवर लागलं. बायकोने दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, बुटांच्या खोक्यातलं मीठ आत ठेवलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि दाराशी असलेली बॅग उचलून आतल्या खोलीत नेली.

ती परत आली तेव्हा तपासनीस फरशीवर बसलेले होते. उठायला जमत नव्हतं.

“अगं,” ते म्हणाले, “त्या तेलातलं थोडं उरलंय का?”