आत्याची जागा

पत्राला उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं, आणि बुधवारची दुपार कलली तरी लेसिएलीनं तोंड उघडलं नव्हतं.

ती चटईच्या वरच्या टोकाला बसली होती, भिंतीला पाठ लावून. ती जागा तिचीच. भावाच्या लेकरांचं लग्न असो, शाळा असो, बारसं असो, शेवटचा शब्द आत्याचा. बापालासुद्धा त्यापुढं बोलायची सोय नाही. धाकटा भाऊ केलेपी दाराबाहेर ओट्यावर बसला होता, थोरल्या बहिणीकडे पाठ करून, रीतीप्रमाणं भावानं बसावं तसा. त्याची मुलगी फूसी चटईच्या खालच्या कडेला मांडी घालून केवड्याच्या सुकल्या पात्या शिंपल्यानं खरवडत होती. समुद्रापार सुवाच्या कॉलेजात चार वर्षं काढून पोरगी इंजिनिअर होऊन आली होती. आता ब्रिस्बेनच्या विद्यापीठानं बोलावलं होतं. आणखी दोन वर्षं, आणखी एक डिग्री. नाहीतर इथं हापाईच्या बेटांवर पाणी खात्यातली नोकरी होतीच.

"तू म्हणशील तसं, ताई," केलेपी बाहेरूनच म्हणाला.

"म्हणेन तेव्हा म्हणेन. तू आपला समुद्र बघ."

हुकूम सोडायला लेसिएलीला कधी जड गेलं नव्हतं. शिक्षण तिसरीपर्यंत, पण जीभ सगळ्या गावाला पुरेल एवढी. घोळ वेगळाच होता. पोरीच्या मनात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं आणि विचारता येत नव्हतं. आत्यानं 'जातेस का गं?' म्हटलं की भाची 'जाते' म्हणणार. 'राहतेस का?' म्हटलं की 'राहते.' फूसी लहान असताना तिनं एकदा सहज विचारलं होतं, डुकराची कलेजी आवडते का. पोरीनं सात वर्षं कलेजी खाल्ली. एकदा घरामागं ओकताना सापडली, तेव्हा कुठं कळलं. कलेजी निदान आठवड्यातून एकदाच असायची.

लेसिएली गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फूसीसमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ. वर जाऊन बस. माझ्या जागेवर."

फूसीच्या हातातला शिंपला थांबला. "मी? नको, आत्या. लोक काय म्हणतील?"

"लोक कुठायत इथं? बाहेर तुझ्या बापाची पाठ आहे, ती काही बोलत नाही. बस म्हणते ना."

पोरगी गेली आणि अंग चोरून भिंतीशी टेकली. लेसिएली तिच्या जागी खाली बसली. हाडं करकरली. तिनं शिंपला उचलला.

"आता तू आत्या, मी भाची. मला ब्रिस्बेनहून पत्र आलंय. जाऊ का मी?"

फूसीला हसू फुटलं. मग ते ओसरलं. लेसिएली पाती खरवडत राहिली; तिनं वर बघितलं नाही. भाचीनं बघायचं नसतं.

"तिथं काय शिकवणार तुला?" अखेर वरून बारीक आवाज आला.

"जमिनीखालचं गोडं पाणी, म्हणतात. किती उपसलं की खारं होतं ते."

"आणि इथल्या विहिरी किती ठाऊक आहेत तुला?"

"दोन. एक आपली, एक देवळाची."

"मग तिथल्या मास्तरांना विचारणार काय?" आवाज आता तेवढा बारीक नव्हता. "वर्षभर पाणी खात्यात राहा. सगळ्या बेटावरच्या विहिरी मोज. आपल्याला काय येत नाही ते आधी कळू दे, मग शिकायला जा. पुढच्या वर्षी घ्याल का, असं लिहून विचार त्यांना."

"नाही म्हणाले तर?"



"तर वाईट वाटेल. पण आत्ता गेले तर मी नुसती आणखी एक वही पाठ करून येईन, आत्या."

बाहेर केलेपीची पाठ किंचित हलली. रविवारी देवळात लेसिएलीनं पाळकाच्या बायकोपासून पार शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ब्रिस्बेन सांगून ठेवलं होतं. ते तिनं गिळलं.

"बरं," ती म्हणाली. "तसं करते."

उठायला म्हणून तिनं मान वर केली. बोलता बोलता फूसीनं पाय लांब पसरले होते. घोट्यापर्यंत पांढरा चिखल वाळला होता, विहिरीत उतरलेल्या माणसाच्या पायाला लागतो तसला.

लेसिएली बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिली.

"आणि आत्याबाई," ती म्हणाली, "चटईवर पाय धुवून बसायचं असतं."